मुक्ताबाईच्या तांब्यातलं पाणी

फादर काय आभाळातून तयार होऊन पडत न्हाईत, कच्चे येतेत. आमच्या वाडीला मिळालेला एकेक फादर आमीच पिकवलाय, आन् त्यातले निम्मेअर्धे माझ्या चुलीवर. मी चंद्रभागा. फादर वाडीत आले की त्यांच्या जेवणाखाण्याचं माझ्याकडं, आन् त्यांना चार गोष्टी समजावून सांगायचं बी माझ्याकडंच. ते काम मला कुणी दिलं न्हाई, मीच घेतलंय.

वाडी आमची उमापूरच्या अंगाला, फादरचा बंगला गोदावरीच्या पल्याड. तिथून ते दोन-तीन महिन्यांनी घोड्यावर यायचे, आमच्या मातीच्या देवळात मिस्सा, म्हंजी मोठी प्रार्थना, करायचे, लेकरांचे बाप्तिस्मे, ठरलेली लग्नं उरकायचे आन् पुढच्या वाडीला जायचे. तिकडची नावं व्हती त्यांना, पण एक बी नाव आमच्या जिभेवर बसलं न्हाई. म्हणून पहिले ते थोरले, दुसरे दवावाले आन् तिसरे धाकटे.

थोरल्यांची दाढी छातीवर रुळायची. माझी आमटी खाताना डोळ्यांतून धारा लागायच्या, नाक पुसायचे आन् म्हणायचे, "लई चांगली हाय, बाई!" खोटं बोलू नका म्हणून आमाला शिकवणारा माणूस, ताटावर बसला की दर खेपेला खोटं बोलायचा. पण एक सांगते. आमी गावाबाहेरची माणसं, गावच्या विहिरीवर आमची घागर चालायची न्हाई. पाटलाच्या दारात वरून ओंजळीत पाणी पडायचं, ते बी त्यांच्या मर्जीनं. थोरले पहिल्या दिवशी आले, आमच्या झऱ्यावर बसले, माझ्या सासूच्या घागरीतलं पाणी मागून घटाघटा प्याले. सगळ्या वाडीनं बघितलं. प्रार्थना, पुस्तकं ते सगळं मागून आलं. आमी ख्रिस्ती झालो ते त्या पाण्यानं.

दवावाल्यांची तऱ्हा निराळी. ताप असो, भांडण असो, ते चिमूटभर कोयनेल द्यायचे, तापाची कडू पूड. माझा नवरा धुळाजी एकदा पापाची कबुली द्यायला गेलता, तर फादर म्हणले, "आदी जीभ दाखव." धुळाजी तसाच माघारी आला. पाप अजून पोटातच हाय त्याच्या, मला बी सांगत न्हाई.

आन् मग धाकटे आले. मिशी नीट फुटली नव्हती. मराठी पुस्तकातून शिकलेली, म्हणून मला म्हणायचे, "भगिनी, किंचित अन्न मिळेल काय?" कायद्याला इतके पक्के की प्रार्थनेत एक ओळ सुटली तर पुन्हा पहिल्यापासून. घोडा मात्र थोरल्यांचाच मिळालता त्यांना, बादशा. थोरले वाटेत ज्या ज्या दारात बसायचे ते एकेक दार त्या घोड्याला पाठ. दारात थांबणार, आतलं माणूस बाहेर येऊन बोलल्याबिगर हलणार न्हाई. थोरल्यांना कुठं घाई व्हती? धाकट्यांना व्हती. पण बादशाला कोण सांगणार!

त्या साली वैशाखात माझ्या सारजाचं लगीन ठरलं. स्थळ चौसाळ्याकडचं. नवरा मुलगा, सावळा त्याचं नाव, आन् त्याची आई दोघांनी बाप्तिस्मा घेतलता, पण आजी मुक्ताबाई जुन्या देवाधर्माचीच. आन् त्या घरात मुक्ताबाई म्हणतील तसंच व्हायचं. सुपारी फोडताना म्हातारीनं मला तोंडावर सांगितलं, "तुमचा साहेब शिवाशिव पाळत न्हाई म्हणतेत. मी माझ्या डोळ्यांनी बघणार. त्यानं माझ्या हातचं पाणी घेतलं तर लगीन. न्हाईतर पोरगं घिऊन मी माघारी."

मी हसले. म्हणलं, "आजी, तांब्या काय, घागर पितील!"

आता आमच्यात एक कायदा हाय. मिस्साच्या आदी, मध्यरातीपासून तोंडात काही घालायचं न्हाई. पाण्याचा थेंब बी न्हाई. फादरला तो कायदा, आन् प्रसाद घेणाऱ्या आमाला बी तोच. म्हणून सगळे फादर आदल्या सांजेलाच यायचे, खाऊनपिऊन झोपायचे, पहाटे मिस्सा. सांजेला आल्या आल्या म्हातारी तांब्या पुढं करील, फादर पितील, झालं! मला कसली फिकीर?

सांज झाली, फादर न्हाईत. दिवे लागले, फादर न्हाईत. आमी तसेच निजलो, सकाळी उपाशीच उठलो आन् वाट बघत बसलो. आजूबाजूच्या वाड्यांवरची म्हातारीकोतारी मिस्सासाठी आलती, सगळी कोरड्या तोंडानं देवळासमोर. सारजा हिरवा चुडा भरून घरात, तिच्या बी घशाला कोरड. ऊन डोक्यावर आलं तवा कुठं बादशा दिसला. आदल्या सांजेला तो वाटेतल्या एका दारात जाऊन उभा राहिलता. घरातली माणसं गेलती जत्रेला, बाहेर येणार कोण? घोडा हलंना. फादरनी शेवटी तिथंच अंगणात रात काढली. दिवस वर आल्यावर माणसं परतली, तवा घोडा हलला.

खाली उतरले तवा ओठ फुटलेले, तोंड लालबुंद. आन् समोर मुक्ताबाई. एका हातात गूळ, एका हातात तांब्या. दारात आलेल्याला गूळपाणी द्यायची रीतच हाय आपली.

फादरनी तांब्याकडं बघितलं. खरं सांगते, त्या तांब्याकडं त्यांनी जसं बघितलं तसं कुणी नवरीकडं बी बघत न्हाई. पण हात जोडले आन् म्हणले, "माते, क्षमा करा. आत्ता नको."

मी धावले. म्हणलं, "आजी, गैरसमज नका करू. त्यांचा उपास हाय!"

खरं तेच बोलले मी, पण ऐकणार कोण? आमच्या हातात पाणी दिसलं की पाटलीणबाईचा उपास, कुलकर्ण्याचा उपास. सगळा जलम आमी हेच ऐकलेलं.

मुक्ताबाई म्हणली, "अगं बया! याचा बी उपास! माझ्या हातात तांब्या आला की सगळ्या दुनियेचा उपास सुरू व्हतो बघ. आज एकादशी हाय व्हय गं, चंद्रभागा?" आन् वळून ओरडली, "सावळ्या, ऊठ! बैल जुंप!"

मांडवातून वरात माघारी गेली तर माझ्या पोरीला कोण करणार? आत सारजाच्या बांगड्या वाजल्या, रडायला लागली असंल. मी फादरला देवळामागं ओढत नेलं.

"पाणी प्या, फादर."

"चंद्रभागाबाई, मी प्यालो तर मिस्सा करता येणार नाही. हे सर्व लोक रात्रीपासून तहानलेले आहेत. त्यांना मी काय सांगू?"

"आन् माझ्या लेकीला मी काय सांगू?"

फादर मटकन मातीत बसले. तरणंताठं पोर, घरापासून कुठं लांब येऊन पडलेलं. डोकं धरून मला विचारतेत, "थोरले फादर असते तर त्यांनी काय केले असते?"

"थोरले काल सांजेलाच आले असते!" मी म्हणलं. राग आलता मला. पण ते तोंड बघून जीव बी तुटला माझा.

फादर एकाएकी उठले, झगा झटकला आन् तडक मुक्ताबाईसमोर. म्हातारीचा एक पाय गाडीच्या चाकावर व्हता. फादरनी दोन्ही हात पसरले. "माते, तो तांब्या मला द्या."

म्हातारीनं तांब्या छातीशी धरला. "पिणार?"

"पिणार. परंतु देवासमोर. मिस्सामध्ये द्राक्षरसाच्या पेल्यात मी पाणी घालतो, तो पेला देवाला अर्पण करतो आणि मग पितो. आज तुमचे पाणी घालीन."

ते पुस्तकी बोलणं मी तिला आपल्या भाषेत फोडून सांगितलं. म्हातारी डोळे बारीक करून म्हणली, "आत निऊन दुसरं घातलं तर? मी शेजारी उभी राहणार."

आता वेदीजवळ बाईमाणूस जात न्हाई, हा बी कायदा. धुळाजीनं कपाळाला हात लावला. फादरनी एकदा आवंढा गिळला, गिळायला तोंडात काही नसताना, आन् म्हणले, "राहा."

एरवी आमच्यात लगीन आदी लागतं, मिस्सा मागून. त्या दिवशी उलटं. म्हातारी वेदीच्या कडेला तांब्या धरून उभी, एखादा शिपाई ठाण्यात उभा राहावा तशी. फादरनी पेल्यात तिच्या पाण्याचे थेंब घातले.

"एवढंच?" म्हातारी म्हणली.

फादरनी मुकाट्यानं आणखी एक थेंब घातला. मग बोटं धुवायला पुढं केली, तर ती कडाडली, "धुवायला न्हाई दिलं, प्यायला दिलंय!" फादरची लातीन भाषेतली प्रार्थना तिथंच अडकली. मी घाईनं आमच्या घागरीतलं पाणी आणून त्यांच्या बोटांवर घातलं आन् म्हातारीच्या शेजारीच थांबले. हसू दाबता दाबता माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग घंटी वाजली. आमी सगळ्यांनी माना खाली घातल्या. फादरनी पेला दोन्ही हातांनी वर उचलला, पार डोक्याच्या वर. म्हातारीची मान ताठच व्हती. मला हळूच विचारलं, "माझं पाणी वर कुणाला दावतोय गं?"

"देवाला, आजी."

फादरनी पेला तोंडाला लावून रिकामा केला. मिस्सा सरल्यावर त्यांनी तांब्या मागून घेतला आन् उभ्या उभ्या सगळा प्याले, अंगरख्यावर सांडत. म्हातारी नुसती बघत राहिली.

"मी आजवर देवळाच्या पायरीखालून हात जोडले," म्हणली. "पायरीच्या वर माझी सावली बी जाऊ दिली न्हाई कुणी. आन् आज माझं पाणी वर गेलं."

आन् पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. मी बी रडले. फादर आमच्या दोघींच्या मधी अवघडून उभे, कुणाची समजूत घालावी ते कळंना.

सावळ्यानं बैल कवाच सोडलते. म्हातारीनं डोळे पुसले, माझ्या घागरीतून तांब्या भरला आन् प्रसाद घेऊन घरात परतलेल्या सारजाच्या पुढं जाऊन बसली. सुपारी फोडायला आली तवा तिनं माझ्या दारात पाण्याला हात लावला नव्हता. ख्रिस्ती घरचं नको म्हणलती. आता आदी स्वतः एक घोट घेतला आन् मग तांब्या पोरीच्या ओठाला लावला.

"पी, बाई," म्हणली. "रातीपासून उपाशी हायस."