चीनला जायचा कौल

भैरोबाच्या दोन खांद्यांवर ओल्या फुलकळ्या चिकटवल्या होत्या. आई, आबा आणि मी गाभाऱ्यासमोर टक लावून बसलो होतो. उजवी कळी आधी पडली तर मी चीनला जाणार. डावी पडली तर सांगलीचं कॉलेज सुटणार आणि आबा स्थळं बघायला लागणार. माझ्या जन्माचा निकाल दोन कळ्यांवर टांगलेला, याचा मला भयंकर राग येत होता.

साल सत्तेचाळीस. सांगलीत मामांकडे राहून मी कॉलेजात चिनी शिकत होते. शिकवायला लिन सर होते. बौद्ध पोथ्यांच्या नादानं हा चिनी माणूस इकडं आला आणि लढाईमुळं इथंच अडकला. कुंचला तिरका धरला की बोटांवर टिचकी मारायचे. चीनमध्ये आडनाव आधी लावतात, कारण माणूस आधी घराण्याचा आणि मग स्वतःचा, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी फिस्सकन हसले होते. आमच्या भावकीत तरी दुसरं काय होतं? सुट्टीत गावी येऊन मी त्या भाषेचे चढउतार घोकायला लागले की आई परसातून ओरडायची, "काय रडतीस का काय गं?"

हे वेड माझ्या डोक्यात घातलं माझ्या थोरल्या भावानं, नाथादादानं. तो पलटणीत होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जखमी झाला तेव्हा दवाखान्यात त्याच्या शेजारच्या खाटेवर एक चिनी शिपाई होता. "एक शबुद कळायचा न्हाई गड्या त्याचा," दादा रजेवर आल्यावर सांगायचा. "लय कळा यायच्या त्याला. मी नुस्ता हात धरून बसायचो." तो चिनी काय बोलत होता, हे दादाला शेवटपर्यंत कळलं नाही. रजा संपवून तो परत गेला, तो गेलाच. पुढं कॉलेजात चिनीचा वर्ग निघाल्याचं ऐकलं आणि मी आबांपुढं हट्ट धरून बसले.

आता पेकिंगला शिकायला जायची शिष्यवृत्ती आली होती. लिन सरांनी माझं नाव पुढं केलं होतं. उद्यापर्यंत होकाराची तार गेली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि चीनमध्ये तर आपसातच लढाई पेटलेली.

"मी न्हाई म्हनलं तर तू जन्मभर मला बोल लावशील," आबा म्हणाले होते. "व्हय म्हनलं तर तुझी आय लावंल. भैरोबालाच इचारू." आईनं तर माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. भाकरी पुढं सरकवायची आणि तोंड फिरवायची.

अर्जुना गुरवानं आबांचं नाव घेऊन देवाला गाऱ्हाणं घातलं. "लालासाहेबाची लेक दर्यापार जातो म्हनतीया. जाऊ द्यायचं असंल तर उजवी दे, बाबा."

मग आम्ही वाट बघत राहिलो. कौल लावला की कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही. उजवी कळी जराशी घसरली. आबांच्या हातातली टोपी चुरगळत होती. कळी देवाच्या दंडापाशी येऊन थांबली, आणि इतक्यात डावी सुटून खाली पडली.

"न्हाई म्हनला द्येव," अर्जुना म्हणाला.

आबांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. ते बघून माझा तोल गेला.

"पुन्हा लावा!" मी ओरडले. "चीनमंदी लाकडाचं दोन तुकडं टाकून द्येवाला इचारत्यात. दोन्हीची सपाट बाजू वर आली तर द्येव हसला म्हनत्यात, आन् परत टाकत्यात. तिथं एकदा इचारून कुनी उठत न्हाई!"

"तिथला द्येव हसत आसंल," अर्जुना शांतपणे म्हणाला. "आमचा हसत न्हाई."

मला रडू फुटलं. आबा माझ्या पाठीवर हात ठेवायला वाकले, तेवढ्यात आई उठून उभी राहिली.

"अर्जुना," ती म्हणाली, "नाथा रजा संपवून निघाला, तवा मी एकटी आलते तुज्याकडं. ध्यानात हाय का?"

अर्जुनानं मान खाली घातली.

"कवा?" आबा म्हणाले. "मला न्हाई सांगितलं."

"तुमी म्हनला असता, सरकारी हुकुमाला कसला कौल. मी म्हनलं, द्येव नगं म्हनला तर प्वाराचं पाय धरीन, पर जाऊ द्यायची न्हाई. उजवी पडली. लगीच. मी हसत वाटं लावला त्याला." तिचा आवाज फाटला. "आज डावी पडली न्हवं? मग जाऊ द्या हिला."

"अगं, द्येव नगं म्हनतोय!"

"म्हनू दे. व्हय म्हनला तवा काय दिलं त्यानं?"

आबा जे खाली बसले ते उठेनात. अर्जुना पडलेली कळी उचलायलाही पुढं आला नाही. मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती.

आईनं पदरानं डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडं बघून बोलली. "तार इस्लामपुरातनं जाती न्हवं? मग चल. माझं मन फिरायच्या आत चल."

आणि जन्मभर देवळातून पाठ न दाखवता मागं मागं सरकत निघणारी माझी आई, देवाकडं पाठ करून तरातरा पायऱ्या उतरली.