सहा म्हशी, सहा बाटल्या

"माले चोर म्हनतस का तुमीन?" झुंबरबाईने हातातलं घमेलं खाली आपटलं. कडब्याची कुट्टी गोठाभर उडाली.

चुडामण सर कागद हलवत उभे होते. नरडाण्याच्या अलीकडे असलेल्या त्या पशुसंशोधन केंद्राचे ते प्रमुख. शेजारी सुलक्षणा, त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी यावलची मुलगी. केंद्रातली सगळी माणसं गोठ्याच्या दारात जमली होती.

प्रयोग सुलक्षणाचा होता. सहा म्हशी. तिघींना पोटभर चारा आणि सरकीची ढेप, तिघींना त्याच्या साठ टक्केच. दुष्काळात घरोघरी चारा असाच आखडतो, तेव्हा म्हशीच्या अंगी किती लागतं हे लघवीवरून कळावं, असा तिचा विचार. म्हैस भरपूर खाते तेव्हा पोटातले चारा पचवणारे जंतू वाढतात आणि लघवीत अ‍ॅलन्टॉइन नावाचा पदार्थ जास्त उतरतो. चारा घटला की तो घटायला हवा.

तो घटला नव्हता. उपाशी तिघींचा आकडा भरल्या पोटाच्या म्हशींइतकाच आला होता.

"याचा अर्थ एकच," सर म्हणाले. "चोरून ढेप घातली जातेय. गव्हाणी कोण भरतं? तूच ना?"

झुंबरबाईने सुलक्षणाकडे पाहिलं. सुलक्षणाने नजर चुकवली आणि हळूच म्हणाली, "अक्का, दया आली असेल तर सांगून टाका. मी रागावणार नाही."

ते शब्द सरांच्या शब्दांपेक्षा जास्त लागले. पहिल्या आठवड्यात त्या तीन म्हशी रिकामी गव्हाण चाटत हंबरायच्या, तेव्हा झुंबरबाई कानाला पदर घट्ट बांधून काम करायची. तरी तिने मूठभरसुद्धा जास्त टाकलं नव्हतं.

"बारा वरीसपाईन मी आठे म्हशी सांभाळस," ती ओरडली. "म्हशी काटावर चढावा! चोरीनं खादं व्हई ते वजन वाढाले पाहिजे!"

वजनाचा दिवस सोमवारी होता, पण ती हटेना. म्हशी एकेक करून काट्यावर घेतल्या. उपाशी तिघींचं वजन वीस दिवसांत अठरा, एकवीस आणि चोवीस किलो उतरलं होतं.

सरांनी आकडे पुन्हा वाचले. मग म्हणाले, "काट्याचा भरवसा नाही. चौकशी होईपर्यंत तू घरी राहा."

झुंबरबाई चप्पल न घालताच निघाली.

सुलक्षणाला त्या आकड्यांनी झोपू दिलं नाही. म्हशी वाळत होत्या, मग त्यांच्या लघवीत भरल्या पोटाची खूण कुठून आली? दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच ती न कळवता गोठ्यात गेली.

नमुने गोळा करणारा प्रयोगशाळेतला अभिमन दोन नंबरच्या म्हशीमागे बसला होता. ही पोटभर खाणारी म्हैस. लघवीची बादली अर्धी भरलेली. समोर सहा बाटल्या ओळीने, सहा म्हशींचे नंबर लावलेल्या. त्या सहाही तो त्याच एका बादलीतून भरत होता.

"अभिमन!"

बाटली त्याच्या हातून सुटली.

"काय करतोयस हे? अक्काला चोर म्हटलं सगळ्यांनी! तू तिथेच उभा होतास! तोंड शिवलं होतं का तुझं?"

"मॅडम, उपाशी म्हशी लवकर मुतत नाहीत," तो अडखळत बोलला. "तास तास बसावं लागतं. नऊला नमुन्यांची गाडी धुळ्याला तपासणीसाठी निघते. तुम्हीच म्हणाला होतात, एकही बाटली रिकामी आली तर तुझं नाव वर कळवीन."

सुलक्षणाचा हात त्याच्यावर उगारला गेला होता. तो तसाच खाली आला. ती तसं म्हणाली होती खरी. आता तिला स्वतःचाच इतका राग आला की कानशिलं तापली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा कप पुढे ओढला. "वीस दिवस टाकून दे. नमुने खराब झाले असं लिही. आणि त्या बाईला निरोप धाड, ये म्हणावं."

"निरोप? सर, आपण तिला चोर म्हणालो."

"सुलक्षणा, विषय वाढवू नकोस."

ती तिथून उठून थेट दोंडाईच्याच्या बसमध्ये बसली. झुंबरबाई तिथल्या आपल्या घराच्या अंगणात जळण फोडत होती. सुलक्षणाने सगळं सांगितलं, माफी मागितली. कुऱ्हाड थांबली नाही.

"आठे नही," झुंबरबाई म्हणाली. "जठे माले चोर म्हनात, तठेच सांगा. बठ्ठास्ना म्होरे."

सोमवारी गोठ्याच्या दारात पुन्हा सगळे जमले. सुलक्षणा सगळ्यांसमोर बोलली. चूक अभिमनची, घाई माझी, अक्काने एक काडीही इकडची तिकडे केली नाही. अभिमनने मान खाली घालून हात जोडले. सर आलेच नाहीत. झुंबरबाईने त्यांच्या बंद दाराकडे बराच वेळ पाहिलं, मग पदर खोचला आणि गव्हाणी झाडायला घेतल्या. पुढे ती सरांशी कधी बोलली नाही. त्यांनी हाक मारली तरी तिचा झाडू थांबत नसे.

प्रयोग नव्याने झाला. या वेळी सुलक्षणा स्वतः म्हशींमागे बसली, लागेल तेवढा वेळ. गाडी दोनदा तिचे नमुने न घेताच गेली, तिसऱ्यांदा थांबली. उपाशी तिघींचं अ‍ॅलन्टॉइन जवळजवळ एक तृतीयांश कमी आलं.

प्रबंधात तिने पहिले वीस दिवस का टाकले ते जसंच्या तसं लिहिलं. सरांनी तो परिच्छेद खोडला. तिने तो पुन्हा घातला. त्यांनी पुन्हा खोडला. तिसऱ्यांदा ती त्या परिच्छेदासकट प्रत घेऊन त्यांच्या टेबलापुढे उभी राहिली आणि सही होईपर्यंत हलली नाही.