पोपट न हाकलणारी बाई

"जुन्या गाथेतली बाई उचलून आणायची न्हाय गं. तिच्या शेजारी जाऊन बसायचं आणि तिथनं आपलं गाव दिसतंय का बघायचं. दिसलं तरच लिही."

शालूबाई हे दर चातुर्मासात सांगायच्या. मंदिरामागच्या खोलीत त्या आम्हा बायकांना जुन्या प्राकृत गाथा शिकवायच्या. आधी गाथा पाठ करायची, मग अर्थ समजून घ्यायचा आणि त्यावरून आपली नवी कविता करायची. पर्युषणात, आम्हा जैनांच्या उपासाच्या पर्वात, बायकांचा कार्यक्रम असतो, त्यात वर्गातली एकच कविता वाचतात. पुष्कळ वर्षं ती माझीच असायची.

शालूबाईंची नजर गेली, त्या कोडोलीला लेकीकडं राहायला गेल्या आणि वर्ग माझ्याकडं आला. माझ्याइतक्या गाथा कुणाला पाठ नव्हत्या. नियमही माझ्याइतके कुणाचे नव्हते. रविवारी मीठ नाही, दिवस मावळल्यावर पाणीही नाही, सकाळी सामायिकाचं ध्यान झाल्याशिवाय कुणाशी बोलणं नाही. मला वाटायचं, कविता अशाच जिभेवर येते.

यंदा ती प्राचीच्या जिभेवर आली.

प्राची माझी धाकटी जाऊ. माडीवर राहते. माहेर चंदगडकडचं. मला अक्का म्हणते, स्वभावाला गोड आहे. पण रात्री नऊ वाजता नवऱ्याच्या गाडीवर बसून रंकाळ्यावर भेळ खायला जाते आणि सकाळी मंदिरात येते ती अभिषेक संपता संपता, केस ओले ठेवून. वर्गात यायला लागली तीसुद्धा घरी करमत नाही म्हणून.

तिला ती गाथा मीच दिली. आषाढात दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. मी म्हटलं, एक शेत राखणारी बाई आहे. कणसांवर पोपट उतरतात, ती गोफण फिरवून सगळे हाकलते. एकच हाकलत नाही, कारण तो तिच्या माहेरच्या दिशेनं आलेला असतो.

प्राचीचे हात थांबले. "एवढंच?"

"एवढंच."

"मग तिची सासू काय म्हणाली?"

"गाथेत सासू नाही."

"असणार की, अक्का. शेत कुणाचं हाय?"

मला हसू आलं नाही. मी त्याच गाथेवर तीन दिवस खपून लिहिलं होतं: हे जीवा, हे शुका, कर्माच्या शेतात किती दाणे टिपशील. वर्गातल्या बायकांनी माना डोलावल्या होत्या. अनुजानं, म्हणजे आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाईनं, जांभई दाबताना मी बघितलं होतं.

पुढच्या वर्गात प्राची उभी राहिली आणि खाली बघत वाचायला लागली.

*चंदगडची जीप आली,*
*दारात लाल चिखल सांडून गेली.*
*सगळं अंगण झाडलं मी,*
*तेवढ्यापुरता हात मागं घेतला.*
*सकाळी फरशी पांढरी होती.*
*रात्री पाऊस तर आलाच नव्हता.*

मग राजाराम रोडच्या बयाबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि एक एक करत बायका आपापल्या माहेरचं सांगत सुटल्या. कुणाच्या घरी बिद्रीचा गूळ यायचा, कुणाचा भाऊ येताना शेंगा आणायचा. वर्ग त्या दिवशी गाथेवर परत आलाच नाही.

ती फरशी मी धुतली होती. प्राचीचा भाऊ तिला माहेराहून आणून सोडून गेला त्या रात्री जीपच्या चाकांनी दारात हा एवढा गाळ केला होता. पहाटे सामायिक उरकल्याबरोबर मी दोन बादल्या ओतल्या आणि खराट्यानं खसाखसा घासून काढलं. वर तोंड करून म्हटलंही, "आपल्या माणसांची घाण आपण काढायला शिकावं." खिडकी उघडी होती.

आणि तिनं कवितेत माझं नाव घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर बरं झालं असतं, मला रागावता तरी आलं असतं. तिनं नुसता पाऊस घातला, तोही न आलेला. असली ओळ मला कधी सुचली नव्हती. इतक्या वर्षांत मी त्या गाथेतल्या बाईशेजारी बसले होते आणि मला तिथून आपलं गाव कधी दिसलं नव्हतं. ही भेळ खाऊन आली, बसली, आणि हिला लगेच दिसलं.

त्या दिवसापासून मला तिची पावलं जिन्यावर ऐकू आली तरी जपमाळ चुकायची.

कार्यक्रमाची कविता रविवारी ठरणार होती. त्या दुपारी मी देवापुढं हात जोडले आणि दिवस मावळेपर्यंत मौनाचा नियम घेतला. नियम मी आजवर पळवाट म्हणून घेतला नव्हता. या वेळी तसाच घेतेय, हे घेताना कळत होतं.

अनुजा चार बायका घेऊन घरी आली. प्राचीनं चहा ठेवला.

"वहिनी, दोनच उरल्यात बघा," अनुजा म्हणाली. "तुमची पोपटाची आणि प्राचीची चिखलाची. आमाला प्राचीची बरी वाटती, पण शेवटचा शब्द तुमचा. वाचू द्यायची का तिची?"

मी मौन आहे हे सांगायला हात जोडले.

अनुजानं माझ्याकडं बघितलं, मग बायकांकडं. "नको म्हणत्यात. व्हय, धार्मिक कार्यक्रमात चिखल कशाला, तेबी खरंच हाय. मग तुमचीच धरू."

मला मान हलवता आली असती. मी हात जोडलेलेच ठेवले. त्या चहा पिऊन गेल्या.

प्राची कपबशा उचलत होती. तिचा चेहरा पडला होता, पण आवाज नेहमीचाच. "अक्का, तुमचीच बरोबर हाय. माझ्यात देवाचं काहीच न्हाय." तिनं कपबशा ओट्यावर ठेवल्या. "एक करशीला? शालूबाईंना मी बघितलंबी न्हाय कधी. तुम्ही कोडोलीला जाशीला तवा माझी तेवढी त्यांना ऐकवा. चुकलंय काय ते त्या सांगतील. ऐकवशीला ना?"

मी मान हलवली. लवकर जावी म्हणून हलवली.

दिवस मावळल्यावर मौन सुटलं. यजमान, म्हणजे दादासो, पेपर बघत होते. त्यांना मी सगळं सांगितलं, फरशीचंही.

"मग आता काय अडलंय?" ते म्हणाले. "तोंडानं कबूल झालीस काय? नुसती मुंडी हलवलीस. मौनातलं कशात धरत्यात?"

"मौनातलं जास्त धरतात."

"मग जाऊन ऐकव. म्हातारी खूश होईल."

"तेच तर."

त्यांनी पेपर खाली केला. "तुला भ्या वाटतंय व्हय, शालूबाई तिचं कौतुक करतील म्हणून?"

शालूबाईंनी माझ्या कवितेला दरवर्षी "शुद्ध आहे" म्हटलं होतं. शुद्ध म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं. आमच्या घरात पाणी गाळून शुद्ध करतात. त्याला चव नसते.

"तुझी जागा घेतली तिनं," दादासो हळू म्हणाले, "तर तुझी जागा हाय कुठं ते तरी बघून ये."

सकाळी सामायिक केलं. मन लागलं नाही, तरी वेळ पुरी केली. मग अनुजाला फोन लावला.

"कार्यक्रमात प्राचीची वाचायची," मी म्हटलं.

"अवो, काल तर तुमी हात जोडलासा."

"मौन होतं. नकार नव्हता."

"मग मान तरी हलवायची की वो, वहिनी."

"हलवायला पाहिजे होती."

"आणि तुमची?"

"माझी राहू दे."

उदार वाटलं, असं काही झालं नाही. प्राची स्टेजवर उभी राहील, बायका रडतील, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन, हे सगळं डोळ्यापुढं आलं आणि शब्द मागं घ्यावासा वाटला.

मी साधी सुती साडी नेसले. पिशवीत गाळलेल्या पाण्याची बाटली आणि राजगिऱ्याच्या वड्या ठेवल्या. प्राचीचा कागद मागितला नाही, मागायला वर जावं लागलं असतं. कागदाची गरजही नव्हती. एकदाच ऐकलेली कविता मला शब्दान् शब्द पाठ झाली होती, मत्सरानं झाली होती.

माडीवर अजून निजानीज होती. मी दाराची कडी आवाज न करता काढली, चपला हातात घेऊन पायरी उतरले आणि कोडोलीच्या गाडीसाठी स्टँडकडं निघाले. वाटेत तिच्या कवितेची पहिली ओळ हळू म्हणून बघितली, प्राचीच्या आवाजात कशी बसते ते.