उतरवून दिलेले चाक

मित्रांनो, मी शर्यतीच्या सायकलचे एक जुने चाक आहे. पुढचे. पुढे असण्याचा मान मिळाला, पण पुढे जाण्याचे भाग्य काही लाभले नाही. ते कसे, ते सांगतो.

मला घडवणाऱ्या बाबांचे सायकलदुरुस्तीचे छोटेसे दुकान होते. दोन माणसे आत शिरली की तिसऱ्याने बाहेर उभे राहावे, एवढेच. माझा हब, म्हणजे तारा जिथून निघतात तो मधला भाग, भंगारात आलेल्या एका परदेशी सायकलचा. रिम एका निवृत्त खेळाडूने दिलेली. तारा कुठल्या कुठल्या चाकांतून निवडलेल्या. तीन संध्याकाळी बसून बाबांनी मला विणले आणि माझी डुगडुग घालवली. मी सरळ फिरू लागलो तेव्हा ते म्हणाले, "आता हे कुठंही जाईल." ती माझी पहिली शाबासकी.

त्यांच्या दोन्ही मुली शर्यतीत उतरत. चांगले चाक एकच जमले होते, ते थोरलीला मिळाले. धाकटीच्या वाट्याला ठोकून सरळ केलेली रिम आली. तिने कधी कुरकुर केली नाही. ट्यूबवर ठिगळावर ठिगळ, सैल हेल्मेटमध्ये कापडाची घडी, असा दोघींचा सराव चाले.

मग निवड चाचणीची शर्यत आली. पहिल्या दोघींना सरावासाठी परदेशी पाठवणार होते. वयाच्या अटीमुळे थोरलीची ही शेवटची संधी. इतर संघांच्या मागे जादा चाकांनी भरलेल्या गाड्या होत्या. आमच्या मागे प्रशिक्षक सरांची मोटारसायकल आणि तिच्यावर एकच जादा चाक. तेही पहिल्याच फेरीत संघातल्या दुसऱ्या मुलीला देऊन झाले.

शेवटच्या फेरीत आघाडीला पाच जणी उरल्या. त्यांत या दोघी. उतारावर खड्डा आला. थोरलीने मला अलगद बाजूने काढले, आणि मागे कडकन आवाज झाला. धाकटीच्या पुढच्या चाकाची रिम मोडली होती.

थोरलीने ब्रेक दाबला. मला वाटले, मागे वळून बघण्यापुरता. पण ती खाली उतरली आणि मला सोडवू लागली.

"ताई, नको. तुझं हे शेवटचं वर्ष आहे," धाकटी म्हणाली.

"चढावर तू त्यांना गाठशील. मला नाही जमणार. बोलत बसू नकोस, निघ."

खरे की खोटे, कोण जाणे. त्या दिवशी थोरलीचे पाय फार छान चालत होते, एवढे मी सांगू शकतो. ते माझ्याइतके कुणाला कळणार?

मित्रांनो, धाकटीच्या सायकलला लागून मी जिवाच्या आकांताने धावलो. पुढे तिघी होत्या. चढावर धाकटीने एकीला मागे टाकले. अंतिम रेषेपाशी ती दुसरीच्या बरोबरीला आली. निकाल फोटो बघून लावला. मी वीतभर मागे होतो, म्हणजे तिसरा.

तोवर थोरली मोडक्या चाकापाशी उभी होती. मागच्या साऱ्या जणी तिच्यासमोरून निघून गेल्या. अखेर मागे राहिलेल्यांना गोळा करणारी गाडी आली. गाडीत बसताच तिने विचारले, धाकटी कितवी आली? ड्रायव्हरने सांगितले. हे सारे मी नंतर घरी ऐकले.

घरी कुणी कुणाला बोल लावला नाही. तेच फार जड होते. बाबांनी मला स्टँडवर चढवले. मी सरळच होतो, तरी ते बराच वेळ माझ्या तारा तपासत राहिले. शेवटी धाकटीने विचारलेच, का थांबलीस? थोरली म्हणाली, "तू थांबली नसतीस?"

आता थोरली एका गोदामात खोकी भरते. धाकटीने सायकल सोडलेली नाही, पण ती मला लावत नाही. रागाने नव्हे, तिला माझ्याकडे बघवत नाही. मी दुकानात खिळ्याला टांगलेला असतो. तारांना गंज चढू लागला आहे.

गंजाचे मला तितके दुःख नाही. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. शर्यत बघायला जाल तेव्हा पहिल्या येणाऱ्यांसाठी टाळ्या जरूर वाजवा. मग जरा मागे चालत जा. रस्त्याच्या कडेला एखादी मुलगी सायकल धरून उभी असेल. तिचे पाय थकलेले नसतील. तिला फक्त एक चाक हवे असेल.