दोनदा उलटलेली गाय

मोतीलालचा डावा हात कोपराच्याही वर गायीच्या आत होता आणि गायीची मालकीण बेबाबाई त्याच्या कानाशी बडबडत होती. शेणाचा ऊन लोंढा त्याच्या बनियनवर उतरला. सोनगीरजवळच्या खेड्यांतून गायींना कृत्रिम रेतन करत बावीस वर्षं गेली, तरी या वासाची किळस काही जात नव्हती.

"तिसरी येळ शे, डॉक्टर," म्हातारी म्हणाली. "मन्ही गायमा काय खोट नही. त्या नळीमानं बीजच मरेल व्हई."

"मी बठ्ठासले तेच सांगस, अक्का. गाय गाभन न ऱ्हाता दोनदा उलटनी ते पहिले बीज दखानं, मंग गायले नाव ठेवानं."

हे वाक्य त्याने हजारदा ऐकवलं असेल. आज ते तोंडातच कडू झालं. मूल होत नाही म्हणून पहिल्या बायकोला, धुरपदाला, त्याने फारकत दिली होती. नंतर मंजुळा आली. नऊ वर्षांत तिचीही कूस उजवली नाही, म्हणून आज तिचा भाऊ तिला कायमची न्यायला येणार होता. आईने तिसरी पोरगी हेरूनही ठेवली होती. दोघींना नावं ठेवून झाली, बीज कुणी पाहिलं होतं?

दवाखान्यात येऊन त्याने दार आतून लावलं. जे करायचं ते शरमेने मेल्यासारखं होऊन केलं आणि काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. वळूचं बीज वारूळ फुटल्यासारखं वळवळतं. इथे काहीच नव्हतं. दुसरी पट्टीही रिकामी. त्याला स्वतःची अशी शिसारी आली की तो मोरीत जाऊन ओकला.

घरी मंजुळा पत्र्याची पेटी घेऊन ओट्यावर बसली होती. त्याने आईसमोरच सगळं सांगून टाकलं.

"काय भी बरळस," म्हणत आई आत निघून गेली.

"आते जाऊ नको," तो मंजुळेला म्हणाला.

पायाखाली काही ओंगळ यावं तशी ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"धुरपदाअक्काले सांगं का?"

"नही."

धुरपदा माहेरीच होती. वांझ म्हणून तिला कुणी ओटी भरायला बोलावत नसे, हे त्याला ठाऊक होतं.

"मंग पहिले तठे जा. बठ्ठा गावसमोर सांग."

तेवढ्यात भाऊ आला. पेटी उचलायला मोतीलाल वाकला, तशी मंजुळेने ती झटकन आपल्याकडे ओढली. त्याचा हात जिथे लागला होता, तिथे पदराने पुसली आणि स्वतःच डोक्यावर घेतली.