गुपचूप विचारपूस

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, त्यातला एक रविवार. इंग्लंडात हॅम्पशायरमधल्या आपल्या घरी न्यायमूर्ती सर एव्हरार्ड लँग्रिश भाजलेल्या मेंढीच्या मांडीचे पातळ काप काढत होते. पत्नी सिसिली पुदिन्याची चटणी वाढत होती. मुलगी फिलिपा लंडनहून जेवायला आली होती. ती नामांकित वकील. तेवढ्यात फोन वाजला.

आमच्याकडे इंग्लंडात तेव्हा न्यायाधीश नेमण्याची पद्धत फार सभ्य होती. जाहिरात नाही, परीक्षा नाही. लंडनचा एक अधिकारी बड्या न्यायमूर्तींना फोन करून विचारी, 'अमुक वकील कसा माणूस आहे?' कोण काय बोललं हे बाहेर कधीच कळत नसे. त्यामुळे सगळे अगदी मोकळेपणाने बोलत.

सर एव्हरार्डही शेजारच्या खोलीतून त्या अधिकाऱ्याशी तसेच बोलले. दार उघडंच होतं.

"लीड्सची डोरीन ॲक्रॉइड? माहीत आहे की. नाही, माझ्या कोर्टात कधी उभी राहिली नाही. पण आमच्या वकिलांच्या मेजवानीला होती. पोर्ट वाइनची बाटली डावीकडे फिरवतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाईंनी उजवीकडे दिली. हं, उजवीकडे. तशी असेल हुशार. पण आपल्यात बसेल का, हा प्रश्न आहे." मग आवाज मऊ झाला. "आपल्या न्यायमूर्ती बार्नबीचा जावई? उत्तम माणूस. त्याचे वडील आणि मी कॉलेजात शर्यतीच्या एकाच नावेत वल्ही मारायचो."

ते परत येऊन बसले आणि बटाटा घेतला.

"डॅडी, डोरीनने मला भर कोर्टात हरवलंय," फिलिपा म्हणाली. "तिच्याइतका तयारीचा वकील मी पाहिला नाही."

"असेल गं पिपा. पण तिची बोली ऐकलीस? साक्षीदाराला वाटेल, मासेवालीच दटावतेय."

"आणि बार्नबीचा जावई?"

"त्याचं मी बघितलं, तुझं बार्नबी बघतोय. वर्षभरात तूही न्यायासनावर असशील. माझंही हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या सर्वोच्च न्यायाधीशांत नाव चाललंय. सगळं कसं घरच्यासारखं आहे."

फिलिपाने काटा खाली ठेवला. वीस वर्षं जे पद आपल्या लायकीने मिळेल असं ती समजत होती, ते या ताटातल्या चरबीबरोबर थिजत होतं.

"माझं नाव मागे घ्या. आणि फोन करून सांगा, डोरीनचं काम तुम्ही पाहिलेलंच नाही, तेव्हा तुमचं मत धरू नये."

"दिलेलं मत फिरवायचं नसतं. आणि हे बाहेर बोलायचं नसतं. बोललीस तर तुझं, माझं, दोघांचं संपलं."

"एव्हरार्ड, खरंच बाटलीसाठी?" सिसिलीने हळूच विचारलं.

"तू पुडिंग आण."

पुडिंगला फिलिपा थांबली नाही. दुसऱ्या दिवशी ती लीड्सला डोरीनच्या स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलेलं सगळं, शब्दही न बदलता, सांगितलं. डोरीन हसेल असं तिला वाटलं होतं.

डोरीनने चहाची किटली खाली ठेवली. "दर वर्षी नाव मागे पडायचं. मी हरलेले खटले काढून वाचत बसायचे. म्हटलं, कायद्यात कुठंतरी कच्ची आहे मी. नवऱ्याला म्हटलं, सुट्टीला तू पोरांना घेऊन जा, मला अभ्यास करायचाय. अशा किती सुट्ट्या गेल्या बाई माझ्या."

फिलिपाला तिच्याकडे बघवेना.

"मला सांगितलंस, बरं केलंस," डोरीन म्हणाली. "पण मी बोलले तर म्हणतील, हिला पद मिळालं नाही म्हणून कोकलतेय."

"म्हणून मी बोलणार आहे. माझं पद तर ठरलेलंच होतं, माझ्यावर तो आरोप नाही करता येणार."

त्याच आठवड्यात वकिलांच्या वार्षिक सभेत ती उभी राहिली. पुढच्या रांगेत, पाहुण्या न्यायमूर्तींमध्ये, वडील बसले होते. तिने आपलं नाव सांगितलं, मग त्यांचं, आणि रविवारचा फोन जसाच्या तसा ऐकवला. सभागृहातल्या बऱ्याच पांढऱ्या केसांच्या न्यायमूर्तींनी माना खाली घातल्या. लाज वाटली म्हणून नव्हे. आपण कुणाकुणाबद्दल काय काय बोललो होतो, ते जो तो आठवत होता.