काकूंचा बंद फोन

रविकांतकाका स्वयंपाकघरात खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे आणि कीर्ती बाहेरच्या सामाईक गॅलरीत कॅमेरा लावून उभी राहायची. मधे उघडी खिडकी आणि दीड मीटर अंतर. कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, शूटिंग एकट्याने करायचं आणि पंधरा जूनपर्यंत फिल्म द्यायची, असं अकादमीने मार्चमध्ये कळवलं होतं. त्यानंतर अकादमीला कुलूप लागलं ते लागलंच.

कीर्ती तेहतीस वर्षांची होती. सात वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर, सुदर्शनबरोबर, ती डिपेंडंट व्हिसावर हार्लेमला आली. तीन वर्षं इकडची तिकडची कामं केली आणि मग एके दिवशी कुणाला न विचारता युट्रेख्टच्या एका अकादमीत ललितकलेच्या पदवीला अर्ज टाकला. विषय चित्रपट. वर्गातली बाकीची मुलं विशीतली होती. आता शेवटचं वर्ष होतं आणि पदवीची फिल्म उरली होती. लॉकडाऊन लागला तेव्हा एक कॅमेरा आणि एक कॉलर माइक योगायोगाने तिच्या घरी होता, म्हणून निदान तेवढं तरी हाताशी राहिलं.

काकांची गाठ पडली ती इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. राजन नावाच्या कुणीतरी विचारलं होतं : वडील फेब्रुवारीत भारतातून आलेत, विमानं बंद झाल्यामुळे अडकलेत, त्यांच्या हृदयाच्या गोळ्या संपत आल्यात, इथे त्याला काय पर्याय? कीर्तीने हाउसआर्ट्सकडून, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडून, चिठ्ठी कशी घ्यायची ते सांगितलं आणि दोन दिवसांनी भीतभीत विचारलं, तुमच्या वडिलांवर फिल्म केली तर चालेल का?

राजन अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमध्ये सहाव्या मजल्यावर एकटाच राहायचा. घटस्फोटाला दोन वर्षं झाली होती. मुलगा कसा जगतोय ते बघायला म्हणून काका आले होते. शामलाकाकूंना थंडी सोसायची नाही, त्या साताऱ्यालाच राहिल्या. अठ्ठावीस मार्चचं परतीचं तिकीट रद्द झालं. काकू रोज सकाळी व्हिडिओ कॉल करायच्या, आणि कीर्तीचा पहिला प्रश्न रोज ठरलेला असायचा, "काकू काय म्हणाल्या आज?"

"म्हणाली, तिथेच रहा आता, इथे मला शांतता आहे," काका सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

ट्रेन फक्त अत्यावश्यक प्रवासासाठी होत्या. त्यामुळे कीर्ती हार्लेमहून सायकलने यायची, पाठीवर कॅमेरा, कॅरियरला ट्रायपॉड बांधलेला. दीड तास जायला, दीड तास यायला. कॉलर माइक पुसून ती खिडकीच्या कडेवर ठेवायची आणि काका तो स्वतःच शर्टाला लावायचे.

दोन मेच्या शनिवारी शूटिंग संपलं. काकांनी माइक काढून ओट्यावर ठेवला आणि ते आंघोळीला गेले. कीर्ती ट्रायपॉड मिटत होती. हेडफोन अजून तिच्या कानांवरच होते आणि रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं होतं.

आधी फोन वाजल्याचा आवाज आला. मग राजनचा.

"हां, दिनकरमामा... हळू, हळू सांगा. केव्हा?" बराच वेळ काही नाही. "जवळ कोण होतं?" मग नळ सोडल्याचा आवाज आला, जोरात. पाण्याच्या आवाजाआड तो म्हणाला, "नाही, बाबांना नाही सांगायचं. स्टेंट टाकून वर्ष नाही झालं. विमान नाही, काही नाही, ते इथे करणार काय? मामा, आई खरंच गेली का?"

कीर्तीने हेडफोन काढले, पण तोवर सगळं ऐकून झालं होतं. तिने वर पाहिलं तर खिडकीत राजन उभा होता. त्याची नजर तिच्या गळ्यातल्या हेडफोनवर गेली, मग ओट्यावरच्या माइकवर.

तो गॅलरीत आला आणि दार मागे लोटून घेतलं.

"ऐकलंत तुम्ही."

"हो. मला फार वाईट..."

"ते नंतर. अटॅक आला, मामा जवळ होते. बाबांना कळता कामा नये. फ्लाइट मिळेपर्यंत. मी सांगीन, आईचा फोन बिघडलाय. तिकडे दुकानं बंद आहेत, दुरुस्त कोण करणार? हे पटण्यासारखं आहे." तो हे सगळं आत्ताच, बोलता बोलता जुळवत होता. "आणि तुम्ही येणं थांबवू नका. ते रोज तयार होऊन बसतात तुमच्यासाठी. तुम्ही आला नाहीत तर त्यांना संशय येईल. शब्द द्या मला."

त्याची आई अर्ध्या तासापूर्वी गेली होती. कीर्तीने शब्द दिला.

सोमवारी ती पोचली तेव्हा काका नेहमीपेक्षा आधी खिडकीशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"हिचा फोन बंद पडलाय," ते म्हणाले. "दिनकरच्या फोनवर करतो, तर ही कधी झोपलेली, कधी देवळात. देवळं बंद आहेत ना पण तिकडे?"

"घरच्या देवाशी बसल्या असतील," कीर्ती म्हणाली. किती पटकन सुचलं ते.

"असेल. बरं, एक काम कर. माझा एक निरोप रेकॉर्ड कर आणि पाठव दिनकरला. तुझ्या कॅमेऱ्यात मी बरा दिसतो."

ते साडेतीन मिनिटं बोलले. गच्चीवरच्या टाकीचा कॉक, पेन्शनचं पासबुक कुठल्या डब्यात आहे ते, राजन आता दोन वेळ नीट जेवतो ते. शेवटी म्हणाले, "मी बरा आहे. तू गोळ्या चुकवू नकोस." कीर्ती फोकस धरून उभी होती. राजन आतल्या खोलीच्या दारात येऊन थांबला आणि परत गेला.

मंगळवारी तिचा ऑनलाइन क्लास होता. मार्गदर्शक मारिया पन्नाशीची डच बाई, स्वतः तीस वर्षं माहितीपट केलेली. कीर्तीने तिला सगळं सांगितलं.

"शूटिंग थांबवू नकोस," मारिया म्हणाली. "कठीण आहे, मला कळतं. पण हे तू घडवून आणलेलं नाहीस. तू फक्त बघते आहेस."

"बघत कुठे आहे? मी खोटं बोलते आहे त्यांच्याशी. कॅमेऱ्याच्या मागून."

"मग तेही फिल्मचाच भाग आहे."

कीर्तीने लॅपटॉप मिटला. संध्याकाळी सुदर्शनने विचारलं, "सोडून का देत नाहीस? दुसरा विषय घे." दुसऱ्या विषयाला वेळ नव्हता, हे खरं होतं. पण ती जात राहिली ती त्यासाठी नव्हे. आपण गेलो नाही तर त्या घरात ते दोघंच उरतील, असं तिला वाटत होतं.

गुरुवारी वारा फार होता. तिने माइकवर स्पंज चढवून दिला. काका चहा करत होते आणि ती काहीतरी साधं विचारायचं म्हणून विचारत होती.

"गवती चहा कुठे मिळाला इथे?"

"राजनने आणला, सुरीनामी दुकानातून. हिच्याशिवाय चहा करायची सवयच नाही मला. शिकतोय."

"काकू आलंही घालायच्या का?"

स्वतःचाच आवाज तिला हेडफोनमधून ऐकू आला : घालतात नव्हे, घालायच्या.

काकांनी गाळणं कपावर धरलं होतं. चहा गळून गेला तरी त्यांनी ते तसंच धरून ठेवलं.

"घालायच्या," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी गाळणं खाली ठेवलं, गॅस बंद केला, खुर्चीत येऊन बसले आणि सरळ भिंगात न बघता तिच्याकडे बघितलं.

"कॅमेरा चालू आहे?"

"हो. बंद करते, काका."

"राहू दे." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "कीर्ती, तू रोज पहिल्यांदा विचारायचीस, काकू काय म्हणाल्या. शनिवारनंतर एकदाही विचारलं नाहीस. मला वाटलं, फोन बंद आहे म्हणून असेल." ते थांबले. "बत्तीस वर्षं मी एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होतो. गाडीला अपघात झाला की घरची माणसं माझ्या खिडकीशी यायची. नावांची यादी माझ्याकडे. मी आधी त्यांना बसायला सांगायचो आणि मग सांगायचो. कुणाला ताटकळत ठेवलं नाही. आता मी बसलोय. सांग."

आतल्या खोलीतून राजनचा मीटिंगमधला इंग्रजी आवाज येत होता. खोटं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. काका अजून तिच्याकडे बघत होते.

"शनिवारी," ती म्हणाली. "दुपारी. हार्ट अटॅक. दिनकरमामा जवळ होते."

काकांनी मान हलवली, कुणीतरी पत्ता सांगावा आणि तो कळावा तशी. मग त्यांनी विचारलं, "सोमवारी मी बोललो ते?"

"माझ्याकडेच आहे. कुठेही पाठवलं नाही."

"बरं केलंस."

आतली मीटिंग संपली असावी. राजन हेडसेट मानेवर तसाच घेऊन बाहेर आला, वडिलांकडे बघितलं, आणि त्याला कळलं. तो तिच्याकडे वळला.

"तुम्ही शब्द दिला होता."

"हो," कीर्ती म्हणाली.

तो खिडकी लावायला पुढे झाला. काकांनी चौकटीवर हात ठेवला.

"तिच्यावर कशाला?" ते म्हणाले. "तू का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली." राजनचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "तुम्हाला काही झालं असतं तर? अँब्युलन्समध्येसुद्धा बसू देत नाहीत बरोबर. आई गेलीच होती, बाबा. तुम्ही पण... मी इथे एकटा काय करणार होतो?" तो ओट्याला पाठ टेकून खाली फरशीवर बसला. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा कीर्तीला आठवलं की कॅमेरा चालू आहे. तिने तो बंद केला. नंतर पाहिलं तर राजन बाहेर आल्यापासून एक मिनिट चाळीस सेकंद रेकॉर्ड झाले होते.

रात्री राजनचा मेसेज आला : *ते सगळं डिलीट करा. परत येऊ नका.* शनिवारचा फोनवरचा आवाज तिने त्याच वेळी पुसून टाकला. तो कुणी तिला दिलेला नव्हता. गुरुवारचं मात्र पुसवेना.

पुढचे बारा दिवस काही कळलं नाही. ती रोज सकाळी उठून ग्रुप बघायची, कुठे काही वाईट बातमी तर नाही ना. आपण सांगितलं आणि त्यांच्या छातीत कळ आली तर, हा विचार सायकलवर, भांडी घासताना, कुठेही तिला गाठायचा. मारियाचे दोन ईमेल आले. त्यांना तिने उत्तर दिलं नाही.

मग एके सकाळी काकांचाच फोन आला.

"तेराव्याला दिनकरने फोन समोर धरला, सगळं बघितलं मी. रक्तदाब वाढला होता, इथल्या डॉक्टरीणबाईंनी फोनवरच गोळी वाढवून दिली. आता ठीक आहे. तुझं काय झालं? फिल्म?"

"थांबलीय."

"थांबलीय म्हणजे? जे झालंय ते घेऊन ये. मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी तिने लॅपटॉप खिडकीच्या कडेवर ठेवला, काका आत, ती बाहेर. राजन आतल्या खोलीत होता, दार बंद. काकांनी चष्मा पुसून सगळं बघितलं, स्वतःचा निरोपही. गाळण्याचा प्रसंग आला तेव्हा ते पुढे वाकले. "शनिवारी" हा तिचा आवाज आला आणि त्यांनी डोळे मिटले, पण थांबव म्हणाले नाहीत. राजन चौकटीत आला तेव्हा मात्र हात वर केला.

"हे काढ."

"काका, यात तो..."

"मला दिसतंय तो काय करतोय. तू सांगितलंस तोवर माझं आहे, ते राहू दे. लोकांनी बघू दे, काही बिघडत नाही. हा त्याचा भाग आहे. तो म्हणेल तेव्हा." मग म्हणाले, "माझ्यासाठी तो खोटं बोलला. अनोळखी लोकांनी त्याला तेवढ्यावरून ओळखू नये."

तिने फिल्म तिथेच तोडली. काका मान हलवतात, आणि संपतं. पंधरा जूनला ती दिली. ऑनलाइन परीक्षेत मारियाने विचारलं, "इथे अचानक का थांबतेस? यानंतर काहीतरी आहे, मला जाणवतं."

"आहे. ते दाखवायची परवानगी नाही."

"मग फिल्म अर्धी वाटते."

"हो," कीर्ती म्हणाली. "वाटते."

ती उत्तीर्ण झाली, काठावर नाही पण फार वरही नाही. जूनच्या अखेरीस भारत सरकारच्या विशेष विमानात काकांना जागा मिळाली. विमानतळाच्या इमारतीत फक्त प्रवाशांना सोडत होते, त्यामुळे राजनने त्यांना बाहेरच निरोप दिला. हे तिला काकांनी साताऱ्याहून सांगितलं, विलगीकरणाचे चौदा दिवस संपल्यावर. घरात शिरल्यावर पहिल्यांदा काय केलं, हे तिने विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

राजनचा मेसेज आला तो सप्टेंबरमध्ये. *तो काढलेला भाग आहे का अजून?*

दोघं बेलमर स्टेशनच्या बाहेर भेटले, मास्क लावून. कीर्तीने पेन ड्राइव्ह पुढे केला. तो त्याने घेतला, पण लगेच खिशात टाकला नाही.

"मी कसा दिसतो त्यात?"

तिने जरा विचार केला. "घाबरलेले," ती म्हणाली.

राजनने मान हलवली. "होतोच," तो म्हणाला, आणि जिन्याकडे वळला.